एक सुलट, दोन उलट

चोडणात थंडी पडते ती एवढीच:
पहाटे खोबरेल बाटलीत थिजतं
आणि अकरा वाजेपर्यंत पुन्हा पाणी होतं.
तरी माझा नवरा लोकर विणतो.

सदतीस वर्षं फेरीबोटीवर काढली त्यानं,
रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर.
निवृत्त झाल्यावर दोन महिने
रोज साडेसहाला धक्क्यावर जाऊन उभा राहायचा,
नवा पोरगा बोट लावताना कुठे चुकतो ते बघत.
शेवटी त्या पोरानंच हात जोडले,
"काका, घरी जावा."
घरी येताना वाटेत तो
एर्मेलिंदाच्या बलकांवावर टेकला.
तिचे दोन्ही मुलगे तारवटी.
कुठल्याशा गारठलेल्या समुद्रासाठी
ती बारा महिने स्वेटर विणते.
तिनं त्याच्या हातात सुया दिल्या,
रडणाऱ्या पोराच्या हातात
चाव्यांचा जुडगा देतात तशा.

तेव्हापासून दुपारची भांडी पालथी पडली
की तो खिडकीपाशी, मी दारापाशी.
माझ्या मांडीवर वाचनालयाचं पुस्तक.
माझ्याआधी कुणीतरी समासात
पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: खोटं.
चाळिसाव्या पानावर खोटं,
त्रेपन्नाव्यावर, हेही.
आता मी गोष्टीसाठी नाही,
त्या पेन्सिलीसाठी पानं उलटते.
दुकानात रांगेत उभी असताना
एकेकाची बोटं निरखते.

आत मंद आचेवर आळसांदे.
त्यांना कोणी हाक मारत नाही,
शिजले की ते आपणच वास पाठवतात.
तोणकाचं खोबरं भाजताना मात्र
पुस्तक मिटावं लागतं.
मी मिटत नाही.
दोनदा करपलं, एकदा नायिकेच्या लग्नात
आणि एकदा खुनात.
खुनाच्या पानावर मीही समासात लिहिलं,
इथे खोबरं गेलं.
खाली तेलाचं बोट उमटलंय, साक्षीदार म्हणून.

तो टाके मोजतो,
पूर्वी बोटीवर दुचाक्या मोजायचा तसे,
ओठ न हलवता, हनुवटीनं.
तीन ओळी झाल्या की मान वर,
समोरून दुसरी बोट येते का बघायला.
समोर एर्मेलिंदाच्या कोंबड्या,
त्यांच्यापलीकडे ओहोटीचा चिखल.
पुन्हा मान खाली.

चुकला की उसवतो,
नाही चुकला तरी उसवतो.
एकच निळी लोकर, तिसरं वर्ष,
शेवयांसारखी कुरळी झालेली.
पलीकडे जायचं आणि परत यायचं,
यात वाया काय गेलं,
हे त्याला मी शिकवायला नको.

कोणाक? पाववाला विचारतो सायकलवरून.
कोणासाठी? वास्कोहून नणंद, फोनवर.
"बघूया," एवढंच त्याचं उत्तर.
मग ती मला विचारते,
आणि वहिनी, तू काय करतेस दिवसभर?
काही नाही, म्हणते मी,
आणि फोन ठेवून
त्या काही नाहीकडे
जरा घाईनंच परतते.

परवा तिन्हीसांजेला वीज गेली.
माझं पान अर्ध्यावर बुडालं.
त्याच्या सुया चालूच होत्या,
टिक, टिक, मध्येच एक अडखळ.
मेणबत्ती कुठे आहे ते दोघांनाही ठाऊक होतं,
कोणी उठलं नाही.
बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं,
"मग? खून कोणी केला?"
"नाही सापडला अजून. तुझी बाही?"
"तीपण नाही."

रात्री दुधाला विरजण लावलं
आणि ते बिनबाह्यांचं निळं
मडक्याला घातलं, गळ्यापर्यंत.
या घरात स्वेटर लागतो तो दह्यालाच.
सकाळी दही असं लागलं होतं
की चमचा उभा राहिला.
त्यानं ते अलगद काढलं,
हुंगलं,
उन्हात धरलं क्षणभर,
आणि खिडकीपाशी बसून
गळ्यापासून उसवायला घेतलं.