आखाजीचा भाग

देवपुरात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
आम्ही तिघांनी एक म्हातारा मारला
आणि मग लोकांनी हसावं म्हणून पुन्हा उठवला.
नाव ठेवलं उखर्डू. वय : मेल्यापासून एकोणीस.
कार्टूनवर पाटी, फक्त प्रौढांसाठी,
कारण उखर्डू शिव्या देतो
आणि वर जाऊनही त्याची बिडी सुटलेली नाही.

भाग सातवा. आखाजी.
उखर्डूला वरून एका दिवसाची रजा मिळते.
अर्जावर कावळ्याची सही लागते,
कावळा सहीचे पन्नास मागतो, सुटे नसतील तर वडा.
कावळ्याचा आवाज लोटन भदाणेचा,
जो दिवसा बसस्टँडच्या चौकशी खिडकीत
शिरपूर, शहादा, तळोदा ओरडत असतो;
म्हणून आमचा कावळा घासाला शिवण्याआधी
फलाट क्रमांक सांगतो.

घरी पोचून उखर्डू बघतो :
घागर आहे, पण फिल्टरच्या पाण्याची,
वर खरबूज, खरबुजाला दुकानाचं स्टिकर.
पोरगा ओसरीवर, तीन पानं छातीशी.
आगारीचा धूर डोळ्यांत गेला म्हणून
सून पंखा पाचवर करते
आणि पितरांचा घास, पुरणासकट, वाऱ्यावर बसून
जिभाऊच्या गच्चीवर उतरतो.
तिथे जिभाऊचे पितर ढेकर देतात.
"कोना शे रे हाऊ घास?" उखर्डू भिंतीवरून विचारतो.
"नाव लिखेल नही," पलीकडचा मेलेला म्हणतो.

इथे आम्ही इतके हसलो
की खालून गिरणीवाल्याने दांडक्याने छत ठोकलं.

कंपनीचा फोन आला : सण ठेवा, देव नको.
पितर चालतील, पितर तक्रार करत नाहीत.
कावळ्याचं उपरणं भगवं नको, हिरवं नको,
निळंही नको, उगाच कशाला.
उपरणं काढलं. कावळा काळाच ठेवला,
तरी वकिलाने दोन दिवस विचार केला.

तक्रार आलीच. अकरा सह्यांचं निवेदन :
आमच्या पवित्र आखाजीत पत्ते खेळतात
असं दाखवून समाजाची बदनामी.
पहिली सही ज्याची, त्याचाच रात्री साडेअकराला फोन,
मागे पानं पिसल्याचा आवाज,
"भो, त्या पोराने पॅक का केलं?
तीन दुऱ्र्या होत्या त्याच्याकडे!"

आईने तो भाग भाच्याच्या मोबाइलवर पाहिला.
हसली नाही. पुन्हा लाव म्हणाली.
उखर्डू उंबरठ्याला हात लावतो
तिथे चित्र थांबवायला लावलं.
चष्मा पुसला.
"तुना बापले पाच बोटं व्हतात."

मी सांगितलं, कार्टूनच्या हाताला चारच असतात,
जगभर तशीच पद्धत आहे,
एक बोट कमी म्हणजे एवढं काम कमी, एवढा पैसा कमी.
आणि तो बाबा नाहीच, उखर्डू आहे.
ती म्हणाली, तीस वर्षं जिनिंगात,
त्या दात्यांच्या रोळाशी, पाचच्या पाच सांभाळून
रोज घरी आणली त्या माणसाने.
एवढंच म्हणाली
आणि कैऱ्या चिरायला गेली.

आखाजीच्या पहाटे उंबरठा धुतला तिने,
कुंकू कालवलं,
एकेका नावाने एकेक बोट ओढत गेली.
आजा. पणजा. चुलत सासरे, जे विहिरीत गेले.
बाबांचं बोट ठसठशीत.
मी दात घासत मोजत होतो.
शेवटी, अगदी कडेला, अजून एक,
बारीक, अर्ध्यावर सोडल्यासारखं.

"हाई कोनं?"
"तुना त्या उखर्डूनं," ती म्हणाली.
"त्यानी आते घर देखेल शे."

दुपारी त्रेचाळीस अंश. पत्रे कडकडत होते.
आगारीवर पहिला घास ठेवायच्या आधी
माझ्याकडे न बघता
तिने पंखा बंद केला.