कलता अटलांटिक

हेलफर्डच्या खाडीत नांगर टाकून दुसरी रात्र.
सत्तावीस फुटी बोट, तिच्या पोटात मी,
आणि डोक्याशी डेन्झिल नॅनकॅरोचा जुना रिसीव्हर.
बोट विकताना म्हणाला होता,
काढून नेला तर भिंतीला चार भोकं राहतील. राहू दे.

चार हजार सहाशे दहा. त्यातून एक पॉइंट नऊ वजा.
ही वजाबाकी त्याने फळीवर पेन्सिलीने लिहून ठेवलीये,
खाली दोनदा रेघ ओढून: विसरशील.
मी विसरते.
आधी नुसती खरखर, मग कुणाचंतरी स्पॅनिश प्रवचन,
मग ते येतं,
चर्र-चिक, चर्र-चिक, मिनिटाला एकशेवीस,
रातकिड्याला कुणी शिस्त लावावी तसं.

अर्ध्या सेकंदाला एक रेघ. रेघेखाली रेघ.
लॅपटॉपवर वरून ग्रीनलंड उतरायला लागतं.
तिरकं.
माझ्या घड्याळात सेकंदाचा कितवासा भाग चुकलेला,
तेवढ्याने अख्खा अटलांटिक कललाय,
आइसलंड निघालंय कडेकडे
ताटातल्या पातळ आमटीसारखं.
मी घड्याळ सरळ करते. समुद्र सरळ होतो.
एवढी सत्ता मला आजवर कुणी दिली नव्हती.

फोन हेच दोन सेकंदांत सांगतो:
एक ढग, एक आकडा.
पण त्यात माणूस दिसत नाही.
इथे थंड आघाडीला एकेक दात काढलेला असतो.
यंत्रच काढत असेल,
मी आपली एक हात धरून चालते,
मनगटाशी घड्याळ, शेजारी गार झालेला चहा.

समदाब रेषा.
सातवीत पारसनीस बाई सांगायच्या, या एकमेकींना छेदत नाहीत,
छेदल्या तर मार्क कापीन.
आमच्याकडे दाब होता तो फक्त काकांचा.
आणि कमी दाबाचा पट्टा कायम बंगालच्या उपसागरात,
बातम्यांत, आम्ही जेवत असताना.
तो आपल्याही अंगावरून जाऊ शकतो
हे कुणी बोललं नाही.

आता स्कॉटलंड. आता आयर्लंड, रेघा दाट,
फणीच्या दातांइतक्या.
आणि कॉर्नवॉल यायच्या वेळेला
नेमका करड्या मुंग्यांचा पट्टा.
मी जिथे आहे तेवढंच गेलं.
शेजारच्या बोटीला शिव्या देऊन झाल्या.
चार्जर काढला, फ्रिज बंद केला,
मुंग्या तशाच.
मग कळलं: माझ्या डोक्यावरचा एलईडी.
ज्याच्या उजेडात मी नकाशा बघत होते
तोच नकाशा खात होता.

दिवा बंद.
चर्र-चिक स्वच्छ. बिस्केचा उपसागर आला,
स्पेनचं टोक आलं, ठसठशीत,
जिथे मला जायचंच नाही.

पुढच्या नकाशाला वीस मिनिटं. अंधारातच बसले.
मार्चमध्ये डेन्झिल आला होता एकदा,
बोट नीट ठेवलीये का बघायला. ऐकू येत नाही आता.
खोक्यावर तळहात टेकून, डोळे मिटून बसला,
जरा वेळाने म्हणाला, आयर्लंड. दाटलंय.
मी पाहिलं. आयर्लंड होतं. दाटलं होतं.

सुरुवातीचा सूर. मी तळहात टेकवला.
मला कळला नुसता कोमट पत्रा.
डोळे उघडून बघत राहिले, सगळ्यांसारखी:
ग्रीनलंड, आइसलंड, आयर्लंड,
आणि या खेपेला कॉर्नवॉल, पुरतं,
नखाएवढं,
त्याच्यावरून पाच रेघा गेलेल्या.
म्हणजे उद्या सिली बेटं नाहीत.
डबा भरून ठेवला होता, तो इथेच खायचा.

शेवटचा सूर वाजून खोकं गप्प झालं.
तेव्हा ऐकू आली साखळी, तळाशी एकदा कण्हली.
वारा आग्नेयेला वळला होता,
नकाशाच्या दोन तास आधी.
मी रांगत पुढे गेले
आणि आणखी सहा मीटर सोडली.