मेणखडूंचं खोकं

बंदरावरून आलो तेव्हा पहाटेचे तीन.
एकशे बारा पायऱ्या चढून,
हातात अजून क्रेनच्या दांड्याची थरथर,
आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकतो तो
तळव्याखाली खडू. कर्रकन.

हासिंता म्हणालीच होती,
या घरात एक तर खडू राहतील, नाहीतर माणसं.

बसलो मग. झोप तशीही उडालीच होती.

भांड्यांचं कपाट आमचं, आता नुसतं नावाला.
मागच्या मोठ्या धक्क्यात त्यानं
सासूबाईंच्या सगळ्या बश्या एका दमात ओकून टाकल्या.
तेव्हापासून दाराला लोखंडी आकडी,
आणि आत फक्त न फुटणारं ठेवायचं, असं ठरलं.
मुलांचे रंग फुटत नाहीत
(असं मला वाटायचं).

एकेक बाहेर काढलं.
दह्याच्या डब्यात दगड झालेला गोंद.
कॉफीच्या डब्यात केस पिंजारलेले ब्रश,
फाकुन्दो त्यांनी कागद नाही, मांजर रंगवतो.
कात्री सगळ्यात वर, मुठी खाली करून.
टोपणं हरवलेली स्केचपेनं
धुगधुगी आहे का बघायला मनगटावर ओढली.
बारा जणांनी रेघ दिली नाही.
ती पिशवीत गेली. मनगट मात्र
सकाळपर्यंत जत्रेतलं वाटत होतं.

तळाच्या फळीवर, बुटांच्या खोक्यात, रायेनचे मेणखडू.
रांगेत होते, पण काय ती रांग!
पिवळ्याला खेटून तपकिरी,
मग दोन निळे, मग गुलाबी,
मग एका खडूएवढी मोकळी जागा,
मग हिरवा.
ताळतंत्र कशाचंच नाही.

मी कंटेनर रचणारा माणूस.
ज्याला त्याला खण, ज्याला त्याला आकडा.
फिकट ते गडद लावून टाकलं.
मोकळ्या जागेत नवा नारिंगी बसवला,
पगाराच्या दिवशी घेतलेला, खिशातच राहिलेला.
चिठ्ठ्या चिकटवल्या. आकडी घातली.
कपाट असं दिसत होतं,
की आत कुणी राहतच नाही.

सात वाजता रायेननं दार उघडलं.
रडली असती तर बरं झालं असतं.
खोक्याकडे बघत राहिली,
बोटीनं भलत्याच धक्क्याला उतरवलेल्या
प्रवाशासारखी.

मग माझं बोट धरून खिडकीशी नेलं.
"खालून मोज."

दोन्या ओतिलियाचं पिवळं.
पाववाल्या एलेउतेरियोचं तपकिरी.
जुळ्या बहिणींची दोन निळी,
एकाच जहाजाच्या उरलेल्या रंगातली.
कुत्रं भुंकतं ते गुलाबी.
मग काही नाही.
मग आपलं, हिरवं.

काही नाही.
फेब्रुवारीतल्या त्या रात्री वारा वरच्या रानातून आला
आणि गल्लीतलं एकच घर उचलून गेला.
मुलांना आम्ही सांगितलं होतं,
म्हातारा बेनिग्नो दक्षिणेला गेला, भावाकडे,
तिकडे सफरचंदं असतात.
तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.
आम्हाला वाटलं, पटलं.

तिनं नारिंगी उचलला,
दोन बोटांत, माशातला काटा काढावा तसा.
"हा इथे नको."
एवढंच.

चिठ्ठ्या नखांनी खरवडल्या. निम्म्याच निघाल्या.
गल्ली तिनंच लावली, मी एकेक हातात देत होतो,
आणि दोनदा चुकलो:
या जिन्यावर जन्मलोय मी,
तरी तपकिरी आधी की पिवळं,
खिडकीतून पाहावं लागलं.

आकडी तिला पोचत नाही, ती मी लावली.

नारिंगी माझ्याच खिशात आहे, कामाच्या जाकिटात,
उन्हानं थोडा वाकलाय.
रात्री कंटेनरवर कंटेनर ठेवताना
एका जागी हात आपोआप थबकतो.
मुकादम खालून ओरडतो,
अरे, भर की ती जागा!

भरतो.