चार टीबी

मागल्या दिवाळीत आठ हजाराला होती,
आज मुदस्सिर म्हणतो, साडेअकरा.
वरूनच भाव चढलाय, उद्या हाही राहायचा नाही.
परभणीत स्टेशन रोडची तीन दुकानं पालथी घातली.
सूट फक्त भिंतीवरच्या फोटोतल्या नवरदेवाच्या अंगावर.
एकाकडं कमी होती जरा,
पण खोक्याचा कोपरा चेपलेला
अन् वॉरंटी त्याच्या तोंडची.

सेलूला परतताना तिकिटामागं हिशोब मांडला:
एक लग्न साठ जीबी, हळदीसकट.
म्हणजे त्या डबीत बासष्ट लग्नं,
लग्नामागं एकशे पंच्याऐंशी रुपये.
एवढ्यात आता पंगतीतलं एक ताट उठत नाही.

तरी जीव होईना.
रात्री जुनीच डबी जोडली,
म्हटलं, काहीतरी पुसू.
जिंतूरचं जोडपं धरलं.
दोन वर्षांत काडीमोड,
माझे सात हजार दोघांनीही बुडवले,
पेनड्राइव्ह न्यायला कुणी फिरकलं नाही.
पुसायच्या आधी सवयीनं उघडलं.

मठ्ठ्याची बादली घेऊन
नवरीची आत्या पंगतीत वाढतेय,
कॅमेऱ्यापुढं येऊन थबकते.
पदर सावरते, ओला हात मागं लपवते.
"आलेय का रं मी ह्यात?"
मागनं माझाच आवाज, घाईतला:
"आलात, आलात. सरका."

पावणेबाराला मुदस्सिरला उठवलं.
"अकराला देतोस?"
"अकरा दोनशे. केबल फुकट."