गुडघे

सव्वीस हंगाम मी हौगन कोचच्या
फुटबॉलवाल्या पोरांचे कपडे धुतले.
जिंकल्याची जर्सी काय, हरल्याची काय,
चिखल सारखाच निघतो,
असं एकदा त्याला म्हटलं.
तो हसला नाही.
म्हणाला, जर्सी सोड. गुडघे बघ.

मग दर शनिवारी रात्री,
बाहेर डाकोटाचा वारा, उणे दहा,
मशीनं घरघरत असताना
तो यायचा, टोपी काढायचा
आणि एकेक पँट दिव्यासमोर धरायचा.
गुडघ्यावर गवताचा डाग नसलेला पोरगा
सोमवारी बाकावर.

त्याला काढलं त्या नोव्हेंबरात
अध्यक्षबाईंनी आकडे वाचून दाखवले म्हणे:
चार जिंकले, सात गेले.
शिट्टी त्यांच्या टेबलावर ठेवून
तो तळघरात आला, माझ्याकडे, वाफेत.
स्वतःच्याच पँटकडे बघत उभा राहिला,
इस्त्रीची, कोरी.
‘सगळा जन्म कडेच्या रेषेवर उभा होतो, लॉइड.
माझे बघ की.’

मी बघितले नाहीत.
चाळीस नंबरच्या बाहीवर रक्त होतं,
ते थंड पाण्यानंच जातं.
तेवढं चोळत राहिलो.