खरी नक्कल

उदगीरला तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान,
टपरीच म्हणा.
लातूरहून कंपनीचा पोरगा येतो, शर्ट खोचलेला,
म्हणतो, ओरिजनलच टाका काका, ड्रम जाईल.
साडेपाच हजार.
मुजीब साडेतीनशेत भरून देतो,
पायरीवर पेपर अंथरून,
नाकाला ओला रुमाल. तरी शिंकला की काळं.
"डबा तर त्यांचाच हाय की," म्हणतो,
"पावडर तेवढी आपली."

मशीनला पटत नाही.
रोज सकाळी दिवा लुकलुकवत विचारतं,
हे अस्सल नाही, पुढे जायचं?
मी हो दाबतो.

काल सुलक्षणा बनसोडे आली,
पोलीस भरतीला आधारची प्रत हवी.
फोटोवर काळी रेघ,
कपाळापासून हनुवटीपर्यंत.
तिनं अंगठ्यानं पुसून पाहिली.
दुसरी काढली, तीही तशीच.
मुजीबला फोनवर नको ते बोललो.
तो आला, ब्लेड पुसली, फुंकर मारली.
तिसरीत पोरगी स्वच्छ.

समोरच्या साहेबांनी शिक्का मारला:
मूळ प्रतीबरहुकूम खरी नक्कल.
शाई कुणाची, विचारलं नाही.

ओरिजनलचं एक खोकं
मी काचेत दर्शनी ठेवलंय,
रिकामं.
लातूरचा पोरगा आला की
त्याच्याकडे बघून बरं वाटतं त्याला.