बद्द

दर शुक्रवारी नोंदवही भरायची, असा नियम.
आठवड्यात काय केलं, किती तास, खाली मास्तरांची सही.
पहिल्या पानावर मी लिहिलं:
सोमवार, पाट्या वाहिल्या.
मंगळवार, पाट्या वाहिल्या.
बुधवार, पाऊस, वखारीत पाट्या रचल्या.
हार्टलेब मास्तरांनी चष्मा न लावताच सही ठोकली.

वहीत हे आलं नाही
की शिडीच्या अकराव्या पायरीवर माझे गुडघे
आईच्या शिवणयंत्रासारखे थडथडले,
की देवळाच्या उतरत्या छपरावरून
थुरिंगियातलं आमचं गाव
काळंनिळं दिसतं,
ओल्या फडक्यानं नुकतंच कुणी पुसावं
तसं.

"नाव काय म्हणालीस?"
"थाओ."
"बारा वर्षांत मुलगी आली नाही इथे."
एवढंच बोलले. मग हातोडा दिला.
एका टोकाला चोच, भोक पाडायला.
दांड्याला धार, कडा तासायला.
मधे एक वाकडं नख, चुकलेला खिळा उपटायला.
पहिलं वर्षभर मला त्या नखाचाच काय तो उपयोग.

वारा कुठून येतो ते आधी विचार,
मग पहिली पाटी लाव, ते म्हणत.
कुणाला विचारू, ते नाही सांगितलं.
मी खालच्या बेकरीवालीच्या वाळत घातलेल्या
एप्रनांना विचारायचे.
पश्चिमेकडून, एप्रन म्हणायचे,
आज पण, काल पण.

तर पाटी.
वरच्या कोपऱ्याला दोन बोटांत लोंबती धरायची,
पेरानं टिचकी.
खणखणली तर छपरावर,
बद्द वाजली तर राडारोड्यात.
तिच्या पोटात केसाएवढी चीर असते,
डोळ्यांना दिसत नाही,
पहिल्या कडक हिवाळ्यात पाणी तिथे बर्फ होऊन बसतं.

हे एक मला शिकवावं लागलं नाही.
भाताचे वाडगे घेताना आई
एकेक कानाशी धरून नखानं वाजवते,
दुकानदार डोळे वटारतो, वटारू दे.
ती हायफाँगहून सूतगिरणीत आली तेव्हा
देशाच्या मधोमध भिंत होती.
मग भिंत गेली, पाठोपाठ गिरणी गेली,
स्टेशनाजवळ झिपा बदलून देणारं दुकान उरलं.
घरात चिरलेला वाडगा मात्र एकही नाही.

दुसऱ्या वर्षीचा नोव्हेंबर.
शाळेच्या घड्याळाचा मनोरा,
इतका थंड की खिळे ओठांना चिकटायचे.
मास्तरांनी पाटी धरली, वाजवली,
चांगल्यांच्या थप्पीवर ठेवली.
मी ऐकलं. बद्द.
मला वाटलं, वारा.
मग अजून एक. मग जेवणानंतर तिसरी.

बेचाळीस वर्षं
कानापासून वीतभर अंतरावर हातोडा.

काय बोलणार?
ते कॉफी ओतत होते तेव्हा
तिन्ही काढून मी राडारोड्याखाली सारल्या,
चोरी करावी तशी.
वळले तर
त्यांच्या हातातलं झाकण तसंच हवेत.

शुक्रवारी वहीत लिहिलं:
पाट्या निवडल्या. आठ तास.
ह्या वेळी त्यांनी खिशातून चष्मा काढला,
पुसला, लावला.
एवढी एक ओळ वाचायला माणसाला
किती वेळ लागावा?
सही करून वही मिटली
आणि गाडीची चावी शोधत राहिले,
चावी दारालाच होती.

सोमवारी सगळी खोकी माझ्यासमोर.
"निवड," म्हणाले, आणि गेले वर.
तेव्हापासून खाली मी वाजवते, वर ते ठोकतात.
शिडीच्या टोकाला जाऊन एकेक हातात देते.
सवयीनं ते अजूनही
पाटी लोंबती धरतात, टिचकी मारतात,
आणि वाट बघत
माझ्या तोंडाकडे पाहतात.